जुनी खेळणी एकाच काचकपाटात नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरसजावटीच्या लेखांत आणि छायाचित्रांत अलीकडे जुनी खेळणी हमखास दिसतात. पत्र्याची मोटार, शिशाचे शिपाई, सेल्युलॉइडचं बाळ, लगद्याच्या डोक्याची बाहुली, मोहेरचं (अंगोरा बकरीच्या केसांचं) अस्वल, सगळं दिवे लावलेल्या एकाच काचकपाटात ओळीने मांडलेलं. सोबत सल्लाही असतो: धातू घासून चकचकीत करा, उडालेला रंग पुन्हा लावा, कपाट हवाबंद ठेवा. जुन्या खेळण्यांचा संग्रह आणि दुरुस्ती करणारे आम्ही काही वाचक हे पत्र मुद्दाम लिहीत आहोत, कारण ऐंशी-शंभर वर्षं टिकलेली वस्तू या सल्ल्याने थोड्याच वर्षांत हातची जाते.

खेळणं कुठे ठेवायचं हे त्याचं वय किंवा किंमत पाहून ठरवू नये, ते कशाचं केलंय हे पाहून ठरवावं. पत्र्याला आणि शिशाला कोरडी, बंद जागा मानवते. भुसा आणि सरसाच्या लगद्यातून घडवलेली बाहुली तितक्या कोरड्या हवेत तडकते. सेल्युलॉइडला बंद जागाच चालत नाही. म्हणजे निदान तीन वेगळ्या जागा लागतात. घर लहान असेल तर संग्रह एका प्रकाराचा करावा. सगळ्या प्रकारांची खिचडी करून एका कपाटात कोंबू नये.

सेल्युलॉइडपासून सुरुवात करतो, कारण इथे चूक झाली तर घरालाच धोका असतो. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून केलेलं हे प्लास्टिक. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हयात यांनी त्याचं पेटंट घेतलं, आणि पुढे जर्मनीत व जपानमध्ये त्याच्या बाहुल्या, पाण्यावर तरंगणारी बदकं, खुळखुळे भरपूर निघाले. मानेवर किंवा पाठीवर कासवाची खूण असलेल्या जुन्या जर्मन बाहुल्या बहुतेक याच पदार्थाच्या. वस्तू अगदी हलकी लागते, भिंत पातळ असते, दोन साच्यांची जोडरेघ कडेने गेलेली दिसते. एक जागा अंगठ्याने दहा-पंधरा सेकंद जोरात चोळून लगेच हुंगली तर कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून पाहायची युक्ती बरेच जण सांगतात. ती अजिबात करू नका, सेल्युलॉइड भपकन पेटतं.

जुनं होताना सेल्युलॉइडमधून नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं आम्ल होतं आणि ते आम्ल उरलेल्या सेल्युलॉइडला आणखी वेगाने खातं. बंद कपाटात हे वायू साठून राहतात. शेजारच्या धातूच्या खेळण्यांना गंज चढतो, कापड पिवळं पडून विरतं, आणि एका बिघडलेल्या बाहुलीपायी चांगल्या चार जातात. रंग पिवळसर तपकिरी होणं, अंगावर घामासारखा चिकटपणा, आतून सुरू झालेल्या बारीक चौकोनी भेगा, डोळ्यांच्या तारेभोवती गंज, गुंडाळलेला कागद तपकिरी पडणं, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी ती वस्तू त्याच दिवशी बाजूला काढा. निरोगी वस्तू उघड्या फळीवर किंवा जाळीच्या दाराच्या कपाटात, घरातल्या सगळ्यात थंड आणि सावलीच्या जागी ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नयेत, दिव्याखाली ठेवू नयेत, गॅस किंवा देवघराच्या जवळपासही नकोत.

मऊ पीव्हीसीच्या बाहुल्यांचा त्रास वेगळा. पदार्थ मऊ राहावा म्हणून घातलेलं तेलकट रसायन वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं. हातापायांना चिकटा येतो, त्यावर धूळ बसते आणि बाहुली टेकलेली असेल त्या फळीचा रंग विरघळतो. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब घालून, पिळून काढलेल्या मऊ फडक्याने पुसावं, साध्या पाण्याच्या फडक्याने पुन्हा पुसावं, आणि खाली पॉलिएस्टर फिल्मचा तुकडा घालावा. टाल्कम पावडर लावली की चिकटा गेल्यासारखा वाटतो, पण ती त्याच थरात रुतून बसते. जुन्या फॅशन बाहुल्यांच्या कानातली धातूची कर्णफुलं आधी काढून ठेवा. त्यातल्या तांब्याने कानाभोवती हिरवा डाग पडतो आणि तो आत मुरतो. गाड्यांचे मऊ टायरही असेच. ते कडक प्लास्टिकच्या चाकात किंवा तळात वितळल्यासारखे रुततात. म्हणून गाडी टायरवर उभी न ठेवता सांगाड्याखाली पॉलिथिलीन फोमचा ठोकळा द्यावा, इतकाच उंच की टायर फळीपासून एक-दोन मिलिमीटर सुटावेत. गादीतला नेहमीचा फोम वापरू नये, त्याचाच काही वर्षांत चुरा होतो.

आता खुद्द कपाटाबद्दल. याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. ओकचं लाकूड, नवं प्लायवूड, एमडीएफ यांतून अॅसेटिक आणि फॉर्मिक आम्लाच्या वाफा महिनोन्महिने येत राहतात. काच चिकटवायला वापरतात त्या स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तोही अॅसेटिक आम्लाचाच. शिशाच्या शिपायांना याहून मोठा शत्रू नाही. इंग्लंडमधल्या ब्रिटन्स या खेळण्यांच्या कंपनीने १८९३ मध्ये आणलेले पोकळ ओतीव शिपाई १९६६ पर्यंत शिशाचे होत होते. अशा शिपायाच्या तळाशी, हाताच्या सांध्यापाशी किंवा रंग उडालेल्या जागी पांढरट करडी पूड दिसली की ती धूळ समजून फुंकू नका. शिसंच कार्बोनेट होऊन झडत असतं आणि ती पूड विषारी आहे. हातमोजे घाला, ओल्या टिश्यूने टिपून घ्या, टिश्यू पिशवीत बंद करून टाका, आणि शिपायांचं घर बदला. पावडर कोटिंग केलेलं लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचं काचकपाट सगळ्यात बरं. सांधे भरायचेच असतील तर आंबट वास नसलेलं न्यूट्रल क्युअर सिलिकॉन मागून घ्या. रंग दिलेलं कपाट निदान महिनाभर उघडं ठेवून वारं लागू द्या. खात्री करायची सोपी रीत अशी: शिशाचा छोटा तुकडा चाकूने खरवडून लखलखीत करा आणि दोन महिने त्या बंद कपाटात ठेवा. त्यावर पांढरी बुरशीसारखी पूड धरली तर ते कपाट शिपायांच्या कामाचं नाही.

जस्ताच्या ओतीव गाड्यांचा रोग मात्र जन्मजात असतो. ओतकामाच्या जस्तात शिसं, कथील किंवा कॅडमियम यांचा शतांश टक्क्यांतला अंश जरी मिसळला, तरी धातूच्या कणांमधल्या सीमा आतून गंजू लागतात. धातू फुगतो, वाकतो, रंगाखाली भेगांचं जाळं उठतं आणि शेवटी बोटांत चुरा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी या ब्रिटिश छापाच्या छोट्या गाड्या आणि १९३० च्या दशकातल्या बऱ्याच खेळण्यातल्या आगगाड्यांची चाकं याने गेली. शुद्ध जस्ताच्या मिश्रधातूंची कृती १९२९ पासून उपलब्ध होती, पण प्रत्येक कारखान्याच्या भट्टीत स्वच्छ धातूच पडत होता असं नाही. हा रोग एका गाडीवरून दुसरीवर जात नाही, ती भीती सोडून द्या. त्याला औषधही नाही. दमट आणि उबदार हवेत तो भराभर वाढतो, कोरड्या थंड हवेत रेंगाळतो, एवढंच आपल्या हातात आहे. विकत घेण्याआधी व्हर्नियरने (बारीक माप दाखवणाऱ्या सरकपट्टीने) लांबी मोजून त्याच मॉडेलच्या चांगल्या नगाशी ताडून पाहा. मिलिमीटरभर जास्त भरली किंवा तळाचा पत्रा कमानीसारखा ताणलेला दिसला, तर ती गाडी सोडा.

छापील पत्र्याच्या खेळण्यांवर सगळ्यात जास्त अत्याचार होतो, तो साफसफाईच्या नावाखाली. पत्र्यावरची नक्षी म्हणजे शाईचा पातळ थर आणि वर वार्निश. पितळेचं पॉलिश, भांड्याची पावडर, ओलं फडकं यांपैकी काहीही लागलं की वार्निश जातं, आणि त्यामागोमाग चेहऱ्याचा गुलाबी रंग. आधी रुंद मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडा, ब्रशची धातूची पट्टी टेपने गुंडाळून घ्या म्हणजे ओरखडा येणार नाही. मग तळाच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी कापसाची काडी किंचित ओली करून फिरवा. कापसाला रंग लागला तर तिथेच थांबा. नाही लागला तर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पुसट हात सुती फडक्याने देऊन लगेच कोरडा पुसून काढा. छाप नसलेल्या कडेवर गंज असेल तर यंत्राच्या तेलाचा एक थेंब दात कोरायच्या काडीने लावा, दिवसभर राहू द्या, त्याच काडीने हळूहळू खरवडा. तेल रंगाखाली शिरता कामा नये. ते शिरलं की रंग पापुद्र्यासारखा उचलला जातो.

पत्र्याचे दोन भाग कडेच्या छोट्या जिभा खाचेत घालून, दुमडून जोडलेले असतात. ही जीभ जेमतेम दोन-तीन वेळा वाकणं सोसते, त्यानंतर मुळातून तुटते. घेण्याआधी भिंगातून प्रत्येक जीभ पाहा. दुमडीच्या रेषेवर धातू चमकत असेल आणि बाकी पत्रा काळवंडलेला असेल, तर कुणीतरी ती अलीकडे उघडली आहे. मग आतली कमान (चावीची स्प्रिंग) बदलली आहे का, चाक दुसऱ्या खेळण्याचं बसवलंय का, हे विचारलंच पाहिजे.

चावीचं खेळणं चालवून पाहायचं तर चार-पाच वेळा चावी फिरवणं पुरे, आणि ठेवताना कमान पूर्ण उतरलेली हवी. ताणलेली कमान वर्षभर तशीच राहिली की ताकद हरवते, आणि तिच्या दाबाने जुन्या दातेरी चाकांचे दाते वाकतात. कमान ताणलेली आहे आणि खेळणं हलत नाही, अशा वेळी ते उघडू नका. सुटलेली कमान बोट कापते. चावी घट्ट धरून अडकण (चावी उलटी फिरू न देणारी खिट्टी) हळूच उचला आणि चावी हातातच अर्धा अर्धा फेरा उलटी जाऊ द्या. तेल द्यायचं ते घड्याळाचं, सुईच्या टोकावर मावेल इतकं, आसाच्या टोकांना. दात्यांना तेल देऊ नये, धूळ धरून त्याची कानस होते. गंज सोडवायचे फवारे तर यंत्राच्या आसपासही नकोत. ते वाहत जाऊन छापावर डाग पाडतात आणि वाळल्यावर आत चिकटा उरतो.

विजेवरच्या खेळण्यांबद्दल थोडक्यात. आत सेल राहू देऊ नयेत. अल्कलाइन सेल पाझरून पांढरं खार धरलं असेल तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन टिपावं. जुन्या जस्त-कार्बन सेलचा पाझर आम्लधर्मी, त्याला खाण्याच्या सोड्याचं पाणी. दोन्हींत नंतर शुद्ध पाण्याने टिपून नीट वाळवावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही आगगाड्या दिव्याचा बल्ब मध्ये घालून थेट घरच्या विजेवर चालत. त्यांच्या रुळांत तोच करंट खेळतो. अशी गाडी शोभेला ठेवा, प्लग लावू नका.

मोहेर आणि लोकरीच्या प्राण्यांना कसर लागते. डांबराच्या गोळ्या हा त्यावरचा उपाय नाही, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात आणि शेजारच्या वस्तू खराब होतात. अस्वल जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून, तोंड टेपने बंद करावं. उणे १८ ते २० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावं. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नये, नाहीतर गार अंगावर पाणी साचतं. काचेचे डोळे किंवा लगद्याचं डोकं असेल तर गोठवण्याची जोखीम घेऊ नये. अशी वस्तू वेगळ्या डब्यात ठेवून महिन्याला तपासावी, व्हॅक्यूमच्या नळीला जाळीचं कापड बांधून सगळ्यात कमी जोरावर धूळ आणि अंडी ओढून घ्यावीत.

उजेडाचा हिशेब साधा आहे. कापड, कागद, केस यांना ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको, असं संग्रहालयं मानतात. रोज आठ तास धरले तर ते ४०० लक्स-तास झाले. भर दुपारचं थेट ऊन एक लाख लक्सच्या घरात असतं. म्हणजे त्या उन्हात अर्धा तास काढलेल्या बाहुलीच्या झग्याने सव्वाशे दिवसांचा उजेड एका बैठकीत खाल्ला. उडालेला रंग परत येत नाही. एलईडी वापरा, पण त्याचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा छोटा डबा) कपाटाबाहेर बसवा, कारण तोच तापतो.

आर्द्रता मोजल्याशिवाय काही करू नका. धातूंना ४० टक्क्यांच्या खाली, लाकूड, लगदा आणि कापडाला ४५ ते ५५ च्या दरम्यान, आणि दोन्हीकडे चढउतार कमी. स्वस्त आर्द्रतामापक चार-पाच टक्क्यांनी चुकतात. तपासायला एका झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखं होईल इतकंच पाणी घाला, मापकासकट घट्ट डब्यात बारा तास ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्के होते. मापक ७१ दाखवत असेल तर तो चारने कमी दाखवतो, हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवा. बुटाच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुड्यांनी काही होत नाही. संग्रहालयांत घनमीटरला २० किलो धरतात. ६० बाय ३० बाय ६० सेंटिमीटरच्या कपाटाला त्या हिशेबाने दोन किलोंहून थोडं जास्त लागतं. दार सैल असेल तर तेही आठवड्यात भिजतं, म्हणून पैसे आधी दाराच्या रबरपट्टीवर घाला. रंग बदलणारे नारिंगी दाणे घ्यावेत; निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. भिजलेले दाणे ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा वापरता येतात.

खरं-खोटं ओळखण्यावर स्वतंत्र लेख व्हावा, पण काही गोष्टी लगेच उपयोगी पडतील. तळावर कोरलेलं वर्ष बहुधा उत्पादनाचं नसतं. हॉट व्हील्स छापाच्या छोट्या गाड्यांच्या तळावर तो साचा ज्या वर्षी नोंदला ते वर्ष असतं, आणि बार्बीच्या अंगावर १९६६ लिहिलेलं असतं ते त्या शरीररचनेचं, पुढे अनेक वर्षं तेच छापलं गेलं. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलेलं खेळणं १९४९ च्या आधीचं असू शकत नाही. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात आला, तेव्हा १९१० च्या म्हणून सांगितलेल्या मोटारीत तो असेल तर निदान दुरुस्ती झालेली आहे. पैसे साठवायच्या बिडाच्या गल्ल्यांच्या नकला मूळ नगावरून साचा घेऊन ओततात. बीड थंड होताना एक टक्का आकसतं, म्हणून २० सेंटिमीटरची वस्तू दोन मिलिमीटर कमी भरते. अतिनील टॉर्चखाली जुन्या अस्वलाची शिवण निळसर पांढरी उजळली तर दोरा नवा असण्याची शक्यता आहे. मात्र सगळंच अंग उजळत असेल तर कुणी ते आधुनिक धुण्याच्या पावडरीने धुतलेलं असू शकतं.

उडालेला रंग पुन्हा लावू नका. मूळ रंग साठ टक्के उरलेली गाडी संग्राहक आनंदाने घेतो. नव्याने रंगवलेली गाडी त्याच्या दृष्टीने सांगाडा आहे. मूळ खोकं असेल तर ते खेळण्याइतकंच जपा: आत आम्लविरहित टिश्यूचे गोळे भरा, वर दुसरं खोकं ठेवू नका, रबरबँड आणि चिकटपट्टी लावू नका.

लहान मुलं असतील त्या घरात दाराला कुलूप हवं. अमेरिकेत खेळण्यांच्या रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं. त्याआधीचा कुठलाही रंग शिशाचा समजूनच हाताळावा, हात धुवावेत, आणि पोपडे सुटलेलं खेळणं मुलाच्या हाती देऊ नये. ‘आम्ही नाही का खेळलो’ म्हणून ते हातात ठेवणं आम्हाला मान्य नाही.

आपल्या पुरवणीत जुन्या खेळण्यांची छायाचित्रं जरूर छापावीत. मात्र मथळ्याखाली पदार्थ, अंदाजे काळ आणि खुणेचं वर्णन यायला हवं, आणि पॉलिश व रंगकामाचे सल्ले छापण्याआधी ते एखाद्या संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञाला दाखवावेत. सेल्युलॉइडच्या बाहुल्या हवाबंद डब्यात ठेवण्याचा सल्ला कुठेही छापला गेला असेल, तर त्याची दुरुस्ती ठळक जागी द्यावी, ही विनंती.

आपले,
जुन्या खेळण्यांचे काही संग्राहक वाचक